थंड इंजिन : एका परिपाठाची चिकित्सा

थंडीच्या दिवसांत मोटार सुरू केल्यावर काही वेळ ती उभीच चालू ठेवावी, हा परिपाठ मोटारीइतकाच जुना आहे. त्यामागे कारण होते. पेट्रोलचा हलका अंश तेवढाच थंडीत उडतो. उरलेला थेंबरूपाने राहतो. म्हणून कार्ब्युरेटरला चोक लावून मिश्रणातील पेट्रोल वाढवावे लागे. फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये (१९०८–१९२७) थर्मोस्टॅटही नव्हता. १९३४ मध्ये सर्जियस व्हर्नेट यांनी मेणाच्या प्रसरणावर चालणारा थर्मोस्टॅट शोधून काढला. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडविण्याचे काम आजही बहुधा तोच करतो.

परंतु महत्त्वाचा उलगडा झाला तो ब्रिटनमध्ये, सी. जी. विल्यम्स यांच्या १९३०–४० या दशकातील संशोधनाने. सिलिंडरची झीज म्हणजे घर्षण, असे समजणे स्वाभाविक होते. पण एक किलो पेट्रोल जळले की सुमारे १.४ किलो पाणी निर्माण होते. सिलिंडरच्या भिंती थंड असल्यास ते आम्लयुक्त होऊन त्यांवर साचते आणि धातूला खाते. उभ्या गाडीचे इंजिन फार सावकाश तापते. तेव्हा इंजिनाच्या रक्षणार्थ पाळला जाणारा परिपाठच त्याच्या क्षयाला हातभार लावीत होता! चालकांना हे पटले नसल्यास नवल नाही. कार्ब्युरेटरची थंड गाडी लगेच हाकली तर आचके देऊन बंद पडे. त्यापुढे न दिसणाऱ्या गंजाची मातब्बरी ती काय?

ही अडचण इंधन-फवारणीने दूर केली. १९६७ साली फोक्सवागन १६०० मध्ये आलेली बॉशची डी-जेट्रॉनिक योजना इंजिनाचे तापमान पाहून पेट्रोल बेतीत असे. पुढे प्रश्नच पालटला. अमेरिकेत १९७५ च्या गाड्यांपासून धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक पात्र सर्रास आले. ते सुमारे २५०–३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावाचून नीट काम करीत नाही. युरोपीय चाचणीत मात्र आरंभीची ४० सेकंदे मोजलीच जात नसत, म्हणजे सर्वांत घाणेरडा धूर हिशेबाबाहेर राही. २००० साली युरो-३ नियमांनी ही सवलत रद्द केली. आता ठिणगी मुद्दाम उशिरा पाडून उष्णता धुराबरोबर त्या पात्राकडे धाडतात. थंड गाडी सुरू होताच तिचा आवाज चढतो, तो बहुधा यासाठीच.

अमेरिकेत विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये तर इंजिनातील गरम पाणी थर्मासमध्ये तीन दिवसांपर्यंत राखून ठेवीत. २००९ च्या पिढीत तो थर्मास गेला आणि बाहेर पडणाऱ्या धुराच्या उष्णतेनेच पाणी तापविण्याची योजना आली.