कबड्डी, आंतरराष्ट्रीय : प्रशिक्षण, डावपेच व बदलते वर्चस्व

कबड्डी या भारतीय मैदानी सांघिक खेळाचा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आशियातील अन्य देशांत प्रसार झाला. हा प्रसार मुख्यत्वे भारतीय संघटक व प्रशिक्षक यांनी घडवून आणला. १९९० ते २०१४ या काळात आशियाई क्रीडास्पर्धांतील पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने मिळविली. २०१८ साली मात्र पुरुष व महिला या दोन्ही गटांत इराणने सुवर्णपदक पटकाविले. हे सत्तांतर आकस्मिक नव्हते. चढाईच्या वैयक्तिक कौशल्यापेक्षा पकडीचे सांघिक तंत्र शिकविण्यास अधिक सुलभ असते आणि त्याच मार्गाने कबड्डीची दीर्घ परंपरा नसलेले देश भारताच्या बरोबरीस आले, असे या इतिहासावरून दिसते.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडूडू आणि दक्षिण भारतात चेडुगुडू अशा नावांनी हा खेळ पूर्वापार प्रचलित होता. त्याला नियमबद्ध रूप देण्याच्या कामी महाराष्ट्रातील व्यायामसंस्थांचा वाटा मोठा आहे. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली भरविलेल्या स्पर्धेमुळे समान नियमांची गरज स्पष्ट झाली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक परदेशी प्रेक्षकांना दाखविले. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९५२ पासून पुरुषांच्या व १९५५ पासून महिलांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाल्या. यानंतरच्या संघटनकार्यात शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे स्थान अग्रगण्य होय. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिन महाराष्ट्रात ‘कबड्डी दिन’ म्हणून पाळला जातो.

परदेशांत प्रसार : भारतीय संघाने १९७४ मध्ये बांगला देशाचा दौरा केला व बांगला देशाच्या संघाने १९७९ मध्ये भारतास भेट दिली. १९७८ मध्ये आशियाई महासंघाची स्थापना झाली. १९८० साली कलकत्ता येथे पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीचे केवळ प्रात्यक्षिक झाले, तर १९९० च्या बीजिंग स्पर्धेत तिला पदकाच्या खेळाचा दर्जा लाभला. या काळात भारताचे प्रतिस्पर्धी शेजारीच होते. १९९०, १९९४ व २००२ मध्ये बांगला देशाने, तर १९९८ व २००६ मध्ये पाकिस्तानने रौप्यपदक मिळविले. हे तिन्ही देश एकाच ग्रामीण क्रीडापरंपरेचे वारस असल्याने त्यांच्या खेळाची शैलीही बरीचशी सारखी होती. खरे आव्हान या परंपरेच्या बाहेरून येणार होते.

चढाई व पकड : मैदानात प्रत्येक बाजूस सात खेळाडू असतात. चढाईपटू ‘कबड्डी’ या शब्दाचा अखंड घोष करीत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो आणि एकट्याच्या बळावर सातजणांशी झुंजतो. पदलालित्य, हुलकावणी, हाताचा झटपट स्पर्श, मागे मारलेली लाथ व परतीच्या क्षणाचा अचूक अंदाज हे गुण बालपणापासून मातीत खेळून अंगी बाणतात. ते पाठ देऊन निर्माण करणे कठीण असते. पकडीचे तसे नाही. डावा व उजवा कोपरारक्षक, त्यांच्या शेजारचे मध्यरक्षक आणि हात धरून केलेल्या साखळ्या यांच्या हालचाली ठरवून देता येतात. घोटा, गुडघा वा कंबर यांपैकी कशावर कोणी झेप घ्यावयाची व दुसऱ्याने परतीची वाट केव्हा अडवावयाची, हे सरावाने पक्के करता येते. शिवाय कुस्तीत मुरलेल्या शरीराला पकड परकी वाटत नाही. इराणमध्ये कुस्तीची प्राचीन परंपरा आहे, तसेच दम धरून खेळावयाचा ‘झू’ नावाचा देशी खेळही तेथे रूढ आहे. त्यामुळे भारतीय प्रशिक्षकांनी शिकविलेल्या तंत्राला तेथे अनुकूल भूमी लाभली.

अलीकडच्या नियमांनीही बचावाचे महत्त्व वाढविले. चढाईस तीस सेकंदांची मर्यादा आली. सलग दोन चढाया निष्फळ ठरल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे भाग पडते, अन्यथा चढाईपटू बाद होतो. तीन वा त्याहून कमी बचावपटूंनी केलेल्या यशस्वी पकडीस (अव्वल पकड) एक जादा गुण मिळतो. परिणामी, घाई न करता प्रतिपक्षाला तिसऱ्या चढाईपर्यंत रेटणारा संघ सामन्याची गती आपल्या हाती ठेवू शकतो.

इराणचा उदय : भारत व इराण यांच्यातील महत्त्वाच्या सामन्यांचे गुणफलक या स्थित्यंतराची साक्ष देतात. २००४ साली मुंबईत झालेल्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना भारताने ५५–२७ असा जिंकला. २००७ मध्ये पनवेल येथे हाच निकाल २९–१९ असा लागला. २०१० च्या ग्वांगजो आशियाई स्पर्धेत इराणने प्रथमच अंतिम फेरी गाठली व तो ३७–२० असा पराभूत झाला. २०१४ मध्ये इंचॉन येथे मध्यंतरास इराण २१–१३ असा आघाडीवर होता. भारताने तो सामना २७–२५ अशा निसटत्या फरकाने राखला. २०१६ च्या अहमदाबाद विश्वचषकात भारताला सलामीलाच दक्षिण कोरियाने ३४–३२ असे हरविले. अंतिम सामन्यातही मध्यंतरापर्यंत इराणच पुढे होता, परंतु भारताने ३८–२९ असा विजय मिळविला. ही विजयांची मालिका अखंड असली, तरी तिच्या आतील इशारे स्पष्ट होते.

२०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ते खरे ठरले. गटसाखळीत दक्षिण कोरियाने भारतास २४–२३ असे नमविले आणि उपांत्य फेरीत इराणने २७–१८ असे हरविले. चौदा वर्षांपूर्वी याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ५५ गुण मिळविणाऱ्या देशाला आता अठरांपलीकडे जाता आले नाही. अंतिम सामन्यात इराणने दक्षिण कोरियावर २६–१६ अशी मात केली.

महिला गट व शैलजा जैन : महिला कबड्डीचा आशियाई क्रीडास्पर्धांत २०१० पासून समावेश झाला व पहिली दोन्ही सुवर्णपदके भारताने मिळविली. जाकार्ता येथे २४ ऑगस्ट २०१८ रोजी इराणने अंतिम सामन्यात भारताचा २७–२४ असा पराभव केला. या इराणी संघाच्या प्रशिक्षिका नाशिकच्या शैलजा जैन होत्या. नाशिकमध्ये सुमारे तीन दशके मुलींना कबड्डी शिकविल्यानंतर त्या इराणला गेल्या. संघाशी थेट संवाद साधता यावा म्हणून त्यांनी फार्सी भाषा आत्मसात केली, तसेच तंत्राच्या सरावास योगासने व प्राणायाम यांची जोड दिली. दम हा ज्या खेळाचा आधार आहे, त्यात श्वसनाच्या शिस्तीचे मोल उघड आहे. भारताचा पराभव भारतीय विद्येनेच घडवून आणला, ही घटना अनेकांना बोचली. तथापि, तीत मराठी प्रशिक्षणपरंपरेचा गौरवही होता.

विद्येची उलट वाटचाल : २०१४ मध्ये भारतात व्यावसायिक प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि परदेशी खेळाडूंना भारतीयांबरोबर महिनोन्‌महिने खेळण्याची संधी मिळाली. दक्षिण कोरियाचा चढाईपटू जांग कुन ली बंगालच्या संघातून, तर इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली मुंबई व पुणे या संघांतून गाजला. दोन्ही मराठी शहरांच्या संघांचे नेतृत्वही अत्राचलीने केले. २०१८ मध्ये मुंबईच्या संघाने इराणचे गुलामरेझा माझंदरानी यांना प्रशिक्षक नेमले. ज्या नगरीतून हा खेळ बाहेर गेला, तेथेच तो शिकविण्यास परदेशी प्रशिक्षक आला. अशा रीतीने ज्ञानाची देवघेव दुहेरी झाली.

२०२२ ची आशियाई स्पर्धा हांगजो येथे २०२३ मध्ये भरली, तेव्हा भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळविली. पुरुषांचा अंतिम सामना २८–२८ अशा बरोबरीत असताना राखीव क्षेत्रासंबंधीच्या जुन्या व नव्या नियमांवरून वाद उद्भवला आणि खेळ दीर्घकाळ थांबला. अखेर भारताने इराणला ३३–२९ असे हरविले. महिलांनी चिनी तैपेईवर २६–२५ असा केवळ एका गुणाने विजय मिळविला. २०२५ च्या ढाका येथील महिला विश्वचषकातही अंतिम फेरीत भारतापुढे चिनी तैपेईच होता व भारत विजयी ठरला. वर्चस्व परत आले, पण पूर्वीचे निर्धास्तपण आले नाही.

महाराष्ट्राचे स्थान : हेच स्थित्यंतर देशांतर्गतही घडले आहे. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धांत प्रारंभी अग्रभागी असलेल्या महाराष्ट्राला पुढे रेल्वे, सेनादल व हरियाणा यांनी मागे टाकले. २०१८ च्या हैदराबाद येथील राष्ट्रीय स्पर्धेत रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अकरा वर्षांनंतर विजेतेपद मिळविले. हांगजो येथील विजयी भारतीय संघात अस्लम इनामदार व आकाश शिंदे हे महाराष्ट्राचे खेळाडू होते. मातीच्या अंगणातील चपळ पदन्यासाला चटईवरील वेग, वजन व शरीरबळ यांची जोड देणे, हा महाराष्ट्रापुढील प्रशिक्षणाचा मुख्य प्रश्न ठरला.

मूल्यमापन : खेळाची जन्मभूमी व त्याची सत्ताभूमी कायम एकच राहत नाही. रग्बीची पहिली राष्ट्रीय संघटना १८७१ साली इंग्लंडमध्ये स्थापन झाली, परंतु १९०५-०६ च्या दौऱ्यात न्यूझीलंडच्या संघाने ब्रिटिश बेटांवर केवळ वेल्सविरुद्धचा एकच सामना गमावला. हॉकीत अनेक वर्षे अजिंक्य असलेला भारत १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम हिरवळीवर सातव्या स्थानी घसरला. या दोन उदाहरणांच्या प्रकाशात २०१८ च्या पराभवाचे दोन अर्थ लागतात. एक, बुवा साळवींसारख्या संघटकांनी बाळगलेले कबड्डीच्या आशियाई प्रसाराचे ध्येय बऱ्याच अंशी सफल झाले, कारण प्रतिस्पर्धी नसलेला खेळ आंतरराष्ट्रीय म्हणविता येत नाही. दोन, परंपरा हे प्रशिक्षणाचे भांडवल असले, तरी ती प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. जाकार्ता येथे इराणने हे दाखवून दिले आणि हांगजो येथे भारतास निसटत्या विजयांनिशी त्याची पुन्हा प्रचीती आली.