नवख्याला कधी उतरवावे?

अमेरिकी फुटबॉलमध्ये नवख्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूला, बाकावर बसवून घडवावे की थेट खेळवावे, हा वाद जुना आहे. थांबवण्याच्या बाजूने ॲरन रॉजर्सचा दाखला देतात: निवड २००५ची, नियमित संधी २००८ची. पण त्याच्या संघाकडे, ग्रीन बेकडे, तेव्हा ब्रेट फार्व्हसारखा मुरलेला क्वार्टरबॅक होता. ही चैन दुबळ्या संघाला परवडत नाही. उलट पेटन मॅनिंग १९९८मध्ये पहिल्याच सामन्यापासून खेळला. त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले, तरी पुढच्या हंगामात संघाने १३ सामने जिंकले. मग सगळ्यांनाच लगेच उतरवावे का? ह्यूस्टनच्या डेव्हिड कारला २००२च्या पदार्पणाच्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांनी ७६ वेळा चेंडूसकट आडवे केले. मॅनिंगला फक्त २२ वेळा. काही वेळा दोष चेंडू धरून ठेवणाऱ्याचाही असतो, हे खरे. पण चुकांतून शिकायलाही पास टाकण्याइतकी उसंत मिळावी लागते. म्हणून नवख्याची तयारी जोखण्याआधी प्रशिक्षकाने त्याच्यापुढे उभी राहून त्याला वाचवणारी फळी जोखावी.