बैठकीच्या खोलीचा ऐसपैसपणा

मुंबईस राहणाऱ्या आमच्या आप्तांकडे गेलो म्हणजे दार उघडताच यजमान म्हणतात, "या, हॉलमध्ये बसा." हा हॉल बहुधा दहा फूट रुंद आणि बारा-चौदा फूट लांब असतो. जुन्या पिढीतील मंडळी त्यासच दिवाणखाना म्हणत. हा शब्द फारसीतून आलेला. दिवाणाचा दरबार किंवा कचेरी जेथे भरे, ते दालन. गोमंतकात पोर्तुगीजांकडून 'साल' आली, तीही मोठ्या घरची. या तिन्ही थोर नावांनी आम्ही आमच्या चिमुकल्या खोल्यांची बारशी केली. खोली जसजशी आकसत गेली, तसतसे तिचे नाव मोठे होत गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

नावाने जागा वाढत नाही. तथापि लहान खोली मोकळी व देखणी कशी भासवावी, हा प्रश्न आजच्या सजावटकारांनीच प्रथम काढला, अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. आमच्या घरांत तो फार जुना आहे. त्याचे उत्तरही जुनेच आहे. त्या उत्तराचे मोल कोणी चुकते केले, एवढे मात्र सहसा सांगितले जात नाही.

फोंडे, पेडणे, डिचोली या बाजूंचे एखादे जुने हिंदू घर डोळ्यांपुढे आणावे. बाहेरून जाड भिंती आणि लहान खिडक्या; आत मध्यभागी राजांगण, त्यात तुळशीवृंदावन, आणि भोवताली वसरी. ही वसरी मापाने काही फार रुंद नसते. परंतु तिची एक बाजू राजांगणाकडे उघडी असल्यामुळे तेथे बसलेल्या माणसाची दृष्टी भिंतीशी ठेचाळत नाही. ती अंगण ओलांडून समोरच्या वसरीपर्यंत जाते आणि वर आभाळास टेकते. खोलीचे खरे माप फुटांत नसून नजर कोठे अडते यात आहे, हे आमच्या गवंड्या-सुतारांना कोणी शिकविले नव्हते. पण ते त्यांस ठाऊक होते.

खिडक्यांचेही तसेच. काच महाग होती त्या काळी गोव्यात लाकडी पट्ट्यांच्या जाळीत चपट्या, पातळ शिंपल्यांचे चौकोनी तुकडे बसवीत. त्यातून बाहेरचे दिसत नाही. पण कडक ऊन आत येताना दुधासारखे मऊ होऊन सगळीकडे सारखे पसरते. लखलखीत उजेडाने उलट कोपरे काळे दिसतात, आणि काळा कोपरा खोलीस लहान करतो. शिंपल्याच्या उजेडात असा कोपराच उरत नाही.

आता बैठक. 'बैठक' म्हणजे बसण्याची क्रिया, बसावयाची गादी आणि बसण्याची खोलीही. तिन्हींस एकच शब्द असावा, यातच बरेच आले. सतरंजी किंवा जाजम, वर पांढरी गादी, भिंतीशी लोड आणि दोन तक्के. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील सरदारांच्या वाड्यांत हीच बैठक मोठ्या थाटाने घातली जाई आणि साध्या भिक्षुकाच्या ओसरीवर चटईपुरती असे. रीत मात्र एकच. जमिनीवर बसलेल्याचा डोळा खुर्चीवर बसलेल्यापेक्षा हातभर खाली असतो, म्हणून छप्पर तेवढेच उंच वाटते. शिवाय भुईवर कायमचे असे काहीच उभे नसे. समई आणि पोथ्या भिंतीच्या जाडीत कोरलेल्या कोनाड्यांत, भांडी फडताळात, पागोटे-उपरणे खुंटीवर, उरलेसुरले माळ्यावर. सकाळी जेथे हिशेब होत तेथेच दुपारी पाट मांडून पंगत बसे, सायंकाळी मुले परवचा म्हणत, आणि रात्री वळकट्या उलगडत. एकाच खोलीच्या अशा चार-पाच खोल्या होत.

देवस्थानांच्या अग्रशाळेत मुक्काम केलेल्या वाचकांस याचा अनुभव असेलच. तेथील खोली केवढीशी असते! एक चटई, भिंतीस दोन खुंट्या, कोपऱ्यात पाण्याची कळशी. पण जत्रेच्या दिवशी त्याच खोलीत सात-आठ माणसे मावतात आणि घुसमट होत नाही. तीच माणसे घरी परतून तिप्पट मोठ्या जागेत एकमेकांच्या पायांत येतात.

या बाबतीत जपानी लोकांनी तर कमालच केली. सेन नो रिक्यू या चहाविधीच्या आचार्याने सोळाव्या शतकात यामाझाकी येथे बांधविलेली म्हणून जी 'ताइआन' नावाची खोली दाखवितात, तिची भुई अवघ्या दोन चटयांची आहे, म्हणजे सुमारे ३५ चौरस फूट. तेथील शोभेच्या कोनाड्यात आतल्या कोपऱ्याचा खांब मातीच्या गिलाव्याने झाकून कोपरा गोल केला आहे. कोपऱ्याची रेषाच पुसली गेल्यामुळे तो कोनाडा नेमका किती खोल, हे डोळ्यास उमगत नाही.

इथवर लिहून झाल्यावर 'जुने ते सोने' म्हणून लेखणी ठेवण्याचा मोह आम्हांसही झाला. पण मोकळी बैठक आपोआप मोकळी राहत नव्हती. पहाटे वळकट्या कोण उचली? भुई शेणाने कोण सारवी? पंगत उठली की पाट कोण आवरी? आणि बैठकीतून उचललेल्या वस्तू जात कोठे? त्या माजघरात जात. आमच्या आजोळच्या माजघरात भाताची कणगी, तांब्याचे हंडे, गाद्यांची चळत, पाळणा आणि बाळंतिणीची खाट एवढे सारे दाटीवाटीने उभे असे, आणि त्यातून वाट काढीत आजीचा दिवस जाई. खिडकी अशी नव्हतीच. छपरात काचेचे एकच कौल होते. त्याचा कवडसा हंड्यावर आला म्हणजे दुपार झाली, असे ती समजे. पुरुषमंडळी व पाहुणे बाहेर गेल्यावर ती वसरीत येऊन घटकाभर बसे. बाहेरच्या खोलीचा ऐसपैसपणा आतल्या खोलीच्या अडचणीतून काढलेला होता, हे आम्हांस लहानपणी दिसत असूनही समजले नाही.

पुढे खुर्ची आली. व्यापार आणि वकिली यांत पुढे आलेल्या गोमंतकीय हिंदू घराण्यांनी पाश्चात्त्य धर्तीवर 'साल' सजविली. कोरीव काळ्या लाकडाच्या खुर्च्या, लांब हातांची वोल्तेर, संगमरवरी टेबल, भिंतीवर मोठा आरसा. साल वर्षातून फार तर दहा-बारा दिवस उघडे. पण खुर्ची घडी करून कोनाड्यात ठेवता येत नाही. वाटण्या झाल्या तेव्हा भावाभावांत खोल्या निम्म्या झाल्या, खुर्च्या मात्र अखंडच राहिल्या. ज्याच्या वाट्यास लहान खोली आली, त्याच्याही वाट्यास चार खुर्च्या आल्याच!

मुंबईत हा पेच अधिकच घट्ट बसला. १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० साली निघालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्यांतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली. देशातील अगदी पहिल्या गृहसंस्थांत तिची गणना होते. परंतु ज्यांस असा आधार नव्हता, त्यांचे अनेक संसार चाळीतच गेले. चाळीत जुनी रीत प्रथम चांगली टिकली. वळकट्या होत्या, माळा होता, कपड्यांची दांडी होती, आणि राजांगणाचे काम सामाईक गॅलरी करीत असे. मग १९४७च्या कायद्याने भाडी गोठली. ती जागा सोडून दुसरी घेणे परवडेना, म्हणून एकाच खोलीत तीन-तीन पिढ्या राहिल्या, आणि प्रत्येक पिढीने आपापले सामान आणले. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाटे करावयास आरंभ केला; पुढे लग्नात कपाट देणे हा रिवाजच पडला. मग पलंग, सोफा, बाहुल्यांचे काचेचे शोकेस. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि साऱ्या बैठकीने एका भिंतीकडे तोंड केले. कपाटाच्या दारास आरसा असतो. त्याने खोली दुप्पट दिसते आणि कपाटाने निम्मी होते, मिळकत शून्य.

गिरगावात आमच्या एका आप्तांची दोन खोल्यांची जागा आहे. काही वर्षांपूर्वी घरात कार्य निघाले, तेव्हा बाहेरची खोली नव्याने सजविण्याचे ठरले. सजावटकाराने पाहणी करून सांगितले की भिंतींस फिका रंग द्यावा, आसन बुटके असावे, खिडकीसमोर आरसा लावावा आणि दोन्ही कपाटे आत न्यावी. सल्ला वावगा नव्हता. आमच्या पणजोबांनीही हेच सांगितले असते. पण आतली खोली म्हणजे स्वयंपाकघर, आणि ओट्यालगतच्या अडीच हात जागेत घरातील वृद्ध आत्या चाळीस वर्षे निजत आल्या होत्या. सर्व बेत ऐकून घेतल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "कपाटां भितर व्हेलीं जाल्यार हांवें खंय न्हिदचें?"

कोणास उत्तर सुचेना. चाळीस वर्षांत हा प्रश्न एकदाही निघाला नव्हता.

अखेर एक कपाट काढून टाकले आणि दुसरे बाहेरच्याच खोलीत दारामागच्या भिंतीशी सरकविले. त्याच्या माथ्यावरील ट्रंका उतरवून उघडल्या, तेव्हा त्यांत कोणाच्याच उपयोगाचे काही निघाले नाही. सोफा विकला. खिडकीखाली बुटका लाकडी दिवाण करून त्यावर गादी घातली. रात्री ती आत्यांची, दिवसा सर्वांची. आरशाचा विचार मागे पडला. गेल्या चतुर्थीस आम्ही गेलो, तेव्हा त्या दिवाणावर भिंतीशी लोड लावून बसल्या होत्या. आम्हांस शेजारी बसवून त्यांनी खिडकीबाहेर बोट केले. समोरच्या दोन इमारतींमधल्या फटीतून समुद्राकडचे थोडेसे आभाळ दिसत होते. ते तेथून दिसते, हे त्या घरात येऊन इतकी वर्षे झाली तरी आपणांस ठाऊक नव्हते, असे त्या म्हणाल्या.