दारापूर ते राजभवन : राज्यपाल रा. सू. गवई यांचा जीवनप्रवास

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात दारापूर नावाचं गाव आहे. या गावात जन्मलेले रामकृष्ण सूर्यभान गवई, म्हणजेच रा. सू. गवई, पुढे बिहार आणि केरळ या दोन राज्यांचे राज्यपाल झाले. कार्यकर्ते त्यांना 'दादासाहेब' म्हणत. पाठीशी ना साखर कारखाना, ना मोठा पक्ष. तरी पन्नास वर्षांच्या राजकारणात त्यांनी सभागृह चालवलं, संसद पाहिली आणि राज्यपाल म्हणून देशभर गाजलेल्या एका फाइलवर सही केली. ती सही बरोबर की चूक, यावर आजही दोन मतं आहेत.

जन्म आणि चळवळ

गवई यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९२९ चा. त्या काळात अस्पृश्य ठरवलेल्या समाजातल्या मुलाला शाळेपासून पाणवठ्यापर्यंत सगळीकडे अडवणूक होती. अशा दिवसांत ते शिकले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत आले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. पुढच्या वर्षी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. पण हा पक्ष फार काळ एकसंध राहिला नाही. एकामागून एक गट पडत गेले आणि त्यातला एक गट गवई यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यांनी अनेकदा काँग्रेसशी जुळवून घेतलं. विरोधक त्याला तडजोड म्हणत. समर्थकांचं म्हणणं वेगळं होतं. आपली संख्या कमी आहे, तेव्हा सत्तेशी बोलूनच समाजाची कामं करून घ्यावी लागतात, असं ते सांगत.

विधान परिषदेत तीस वर्षे

गवई १९६४ मध्ये विधान परिषदेवर गेले आणि १९९४ पर्यंत तिथे राहिले. १९६८ ते १९७८ अशी दहा वर्षं ते उपसभापती होते. तेव्हा सभापती होते वि. स. पागे, ज्यांना आपण रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ओळखतो. पागे यांच्यानंतर १९७८ ते १९८२ या काळात गवई स्वतः सभापती झाले. पुढे त्यांनी परिषदेत विरोधी पक्षनेतेपदही सांभाळलं.

सभापतीचं काम म्हणजे दोन्ही बाजूंना बोलू द्यायचं, नियम सांगायचा आणि स्वतः मात्र कुणाच्या बाजूने उभं राहायचं नाही. राज्यपालपदासाठी याहून चांगली तालीम कोणती?

१९९८ ची निवडणूक

१९९८ च्या लोकसभा निवडणुकीत रिपब्लिकन गट एकत्र आले आणि काँग्रेससोबत लढले. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रामदास आठवले मुंबईतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रा. सू. गवई अमरावतीतून निवडून आले. चारही जागा तेव्हा राखीव नव्हत्या, खुल्या होत्या. म्हणजे सगळ्या समाजांच्या मतांवर हे चौघे दिल्लीला गेले. ती लोकसभा वर्षभरातच विसर्जित झाली आणि एकीही टिकली नाही. पण खुल्या जागेवरही आपला माणूस निवडून येऊ शकतो, हे तेव्हा दिसलं. २००० मध्ये गवई राज्यसभेवर गेले.

दीक्षाभूमी

नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. तिथली व्यवस्था पाहणाऱ्या स्मारक समितीचे गवई दीर्घकाळ अध्यक्ष होते. आज तिथे दिसणाऱ्या भव्य स्तूपाचं लोकार्पण १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं. अशोक विजयादशमीला गावागावांतून गाड्या भरून माणसं तिथे जातात.

राज्यपाल म्हणजे नेमकं काय?

राज्यपालाला आपण निवडून देत नाही. राष्ट्रपती नेमणूक करतात. वय किमान ३५ हवं, मुदत साधारण पाच वर्षांची, पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच. शपथ उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश देतात. कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो, पण निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. सोप्या भाषेत सांगायचं तर सही राज्यपालांची, सल्ला मंत्रिमंडळाचा. काही मोजक्या बाबतीत मात्र राज्यपाल स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेऊ शकतात.

गवई जून २००६ मध्ये बिहारचे राज्यपाल झाले. जुलै २००८ मध्ये ते केरळला गेले आणि सप्टेंबर २०११ पर्यंत तिथे होते.

लावलीन प्रकरणाची फाइल

केरळमधल्या तीन जलविद्युत केंद्रांच्या दुरुस्तीचं कंत्राट एसएनसी-लावलीन या कॅनडातल्या कंपनीला मिळालं होतं. त्यात राज्याचं नुकसान झालं, असा सीबीआयचा आरोप होता. १९९६ ते १९९८ या काळात वीजमंत्री असलेले पिनरायी विजयन यांच्यावर खटला भरायला सीबीआयने परवानगी मागितली. विजयन तेव्हा सत्तेतल्या मार्क्सवादी पक्षाचे राज्य सचिव होते. मंत्रिमंडळाने सल्ला दिला की परवानगी देऊ नये.

जून २००९ मध्ये गवई यांनी तो सल्ला बाजूला ठेवला आणि परवानगी दिली. केरळात मोठा गदारोळ झाला. निवडून आलेल्या सरकारचा सल्ला राज्यपाल डावलतात कसे, असा डाव्या पक्षांचा सवाल होता. दुसरी बाजू अशी की मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच निकाल दिला होता. मंत्र्यावर खटल्याचा प्रश्न असेल आणि मंत्रिमंडळ निःपक्ष राहणार नाही असं दिसत असेल, तर राज्यपाल स्वतः निर्णय घेऊ शकतात, असं त्यात म्हटलं होतं.

पुढे काय झालं तेही लक्षात ठेवायला हवं. २०१३ मध्ये विशेष सीबीआय न्यायालयाने विजयन यांना दोषमुक्त केलं आणि २०१७ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्याविरुद्ध सीबीआय सर्वोच्च न्यायालयात गेली. विजयन २०१६ मध्ये केरळचे मुख्यमंत्री झाले. खटल्याला परवानगी म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे. आरोपात दम आहे की नाही हे कोर्टाने ठरवावं, एवढाच त्या सहीचा अर्थ होता.

अखेरचे दिवस आणि वारसा

२५ जुलै २०१५ रोजी नागपुरात गवई यांचं निधन झालं. त्यांचे चिरंजीव भूषण गवई तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. १४ मे २०२५ रोजी ते देशाचे सरन्यायाधीश झाले. तू वकिलीत पैसे कमावशील, पण न्यायाधीश झालास तर बाबासाहेबांच्या वाटेवर चालशील, असं वडिलांनी समजावलं होतं, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. तो दिवस पाहायला वडील मात्र नव्हते.

थोडक्यात

- जन्म : ३० ऑक्टोबर १९२९, दारापूर (ता. दर्यापूर, जि. अमरावती)
- विधान परिषद सदस्य : १९६४ ते १९९४
- उपसभापती : १९६८ ते १९७८, सभापती : १९७८ ते १९८२
- लोकसभा : १९९८, अमरावती
- राज्यसभा : २००० ते २००६
- राज्यपाल : बिहार (२००६ ते २००८), केरळ (२००८ ते २०११)
- निधन : २५ जुलै २०१५, नागपूर