नंदादेवीचें द्वार

गढवाल व कुमाऊं या प्रांतांची उपास्य देवता जी नंदादेवी, तिच्याच नांवाचें शिखर २५,६४३ फूट उंच आहे. त्याचा इतिहास चढाईपेक्षां द्वारशोधनाचाच अधिक आहे. शिखराभोंवतीं उत्तुंग पर्वतांचा तट. त्या तटाला खिंडार एकच, तें ऋषिगंगेची भयाण घळ.

इ. स. १८८३ मध्यें ग्रॅहॅम यांना या घळीनें परत फिरविलें. १९०५ सालीं डॉ. लाँगस्टाफ यांस पूर्वेकडील तटावरून आंत केवळ डोकावतां आलें, आणि १९३२ मध्यें रटलेज यांचाहि यत्न फसला. अखेर १९३४ सालीं शिप्टन व टिलमन हे दोन इंग्रज आणि आंगथार्के, पासंग व कुसांग हे तीन शेर्पा घळीच्या कड्यांवरून वाट काढीत आंत उतरले. लवाजमा अगदीं थोडा. ओझीं साहेबांनींहि वाहिलीं. दोन वर्षांनीं, २९ ऑगस्ट १९३६ रोजीं, टिलमन व ओडेल शिखरावर पोंचले. याहून उंच शिखर १९५० पर्यंत कोणासहि सर करतां आलें नाहीं.

परंतु वाट सांपडली कीं वर्दळ आलीच. पथकांमागून पथकें गेलीं. झाडें तुटलीं, कचरा सांचला, वन्य पशु विरळ झाले. शेवटीं १९८२ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें आणि गिर्यारोहकांस तें अंतरंग बंद झालें. जें द्वार उघडण्यास मनुष्याला पन्नास वर्षें लागलीं, तें तितक्याच काळांत त्याला आपल्याच हातांनीं लावून घ्यावें लागलें. शिखर जिंकतां येतें. त्याचा मान राखणें त्याहून कठीण.