मायक्रोब्लॉगिंग : विपणन व महसूल

अल्पाक्षरी मजकूर तत्क्षणी जनसमुदायापुढे मांडणारी आंतरजालावरील सेवा. २००६ मध्ये सुरू झालेल्या ट्विटरची (आजचे एक्स) १४० अक्षरांची मर्यादा २०१७ मध्ये २८० झाली. प्रारंभी लोकप्रियता अमाप, परंतु जमेची बाजू रिती, अशी तिची अवस्था होती; एप्रिल २०१० मध्ये मोबदला घेऊन विशिष्ट संदेश शोधफलितांच्या अग्रभागी दाखविण्याची पद्धत तिने अंगीकारली आणि पुढे जाहिरात हाच उत्पन्नाचा मुख्य आधार ठरला. माहितीसाठ्याचे परवाने व मासिक वर्गणी ही अन्य साधने. मराठीसह भारतीय भाषांना वाहिलेली ‘कू’ ही २०२० ची सेवा मात्र जुलै २०२४ मध्ये बंद पडली, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट होय.

अशा माध्यमांवरील विपणनाच्या दृष्टीने कोल्हापूरचा दाखला विशेष उद्बोधक आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन पेढीने कोल्हापुरी वहाणांसारखी पादत्राणे मूळ स्थानाच्या उल्लेखाविना मांडली, तेव्हा ज्या हस्तव्यवसायास २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन लाभले होते, त्याच्या कैवारार्थ समाजमाध्यमांवर असा गदारोळ उठला की, पेढीस भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले आणि जुलैमध्ये तिचे प्रतिनिधी कोल्हापुरास आले. कारागिरांनी जाहिरातीवर पैही न वेचता वहाणेचे नाव जगभर गाजले. तथापि त्या लौकिकाचे द्रव्य कोल्हापुरातील चप्पल लाइन या बाजारपेठेतील दुकानाच्या गल्ल्यात आणि कातड्याची वेणी विणणाऱ्या हातांत पडावयाचे, तर संदेशाशी मागणी नोंदविण्याची, रक्कम अदा करण्याची व माल पोचविण्याची तजवीज जोडलेली असावी लागते.