मंदावलेल्या यंत्राचा इतिहास



इतिहासाच्या अभ्यासकाला व्यासपीठावर बोलावले की चंद्रपूरचे श्रोते गोंड राजांचा परकोट, नाहीतर निदान १८५८ चे बाबूराव शेडमाके यांच्याविषयी काही ऐकण्याच्या तयारीने येतात. आज माझा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. घरात आणलेला संगणक पाचसहा वर्षांत हळूहळू मंद का होतो, आणि त्यावर काय करावे, एवढेच मी सांगणार आहे. हा विषय इतिहासाचा कसा, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, बिघडलेल्या यंत्राला तारीख असते, मंदावलेल्या यंत्राला नसते. काल चालत होते, आज बंद पडले, असे येथे सांगता येत नाही. बटण दाबून चहा केला, प्यायला, कपबशी विसळली, तरी पडदा गोल फिरतोच आहे; पण हे कोणत्या दिवशी सुरू झाले ते घरात कोणालाच आठवत नाही. जेथे तारीख नाही तेथे कारणांची साखळी लावावयाची, हे काम इतिहासकाराचेच होय.

आपल्याकडच्या मामा तलावांचे उदाहरण घ्या. गोंड राजांच्या काळात कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गावाने मिळून गाळ काढण्याची जुनी वहिवाट सुटत गेली. तलावाची पाळ फुटली तर गावभर बोंब होते. गाळ भरतो तेव्हा कोणी ओरडत नाही. एका वर्षी धानाला शेवटचे पाणी पुरत नाही, तेव्हा ध्यानात येते. घरच्या संगणकाचे दुखणे या जातीचे आहे. तेथे गाळ चार वाटांनी येतो, आणि प्रत्येक वाटेला स्वतःचा इतिहास आहे.

पहिली वाट स्मृतीची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हे यंत्र कामाला लागले, तेव्हा त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. स्मृती ही अशी महाग वस्तू असल्यामुळे इंग्लंडात मँचेस्टरच्या अ‍ॅटलास यंत्रात १९६२ साली एक युक्ती वापरात आली : जे आता लागत नाही ते दूरच्या कोठीत ठेवावे आणि लागेल तेव्हा आणावे. कारकुनाचे मेज लहान असले, तर तो काही फायली कपाटात ठेवतो, तसेच हे. पण मेजावर मावतील त्याहून अधिक फायली एकदम उघडल्या तर? तर कारकून मेज आणि कपाट यांच्यामध्ये धावतच राहतो आणि कागदावर एक ओळ उमटत नाही. १९६८ साली पीटर डेनिंग या अमेरिकन संशोधकाने या अवस्थेची चिकित्सा केली. आपल्या घरी पडदा गोठतो आणि पेटीतला दिवा मात्र लुकलुकत राहतो, ती बहुधा हीच अवस्था.

आता मेज लहान का पडते ते पाहा. १९९५ च्या विंडोजला किमान ४ मेगाबाइट स्मृती पुरे असे. २००१ च्या एक्सपीला ६४ लागू लागली. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट, म्हणजे सव्वीस वर्षांत हजारपट. निकलाउस विर्थ या स्विस पंडिताने १९९५ मध्येच तक्रार केली होती की, यंत्रे जितकी वेगवान होतात त्याहून लवकर त्यांवरचे कार्यक्रम जड होतात. म्हणून ‘यंत्र म्हातारे झाले’ हे आपले निदान पुष्कळदा खोटे असते. यंत्र तेच आहे. ओझे वाढले आहे.

दुसरी वाट तबकडीची. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक हे यंत्र आणले; त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास फिरत्या तबकड्या होत्या आणि त्यांवर पन्नास लक्ष अक्षरे राहत. पुढे तबकडी तळहातावर मावू लागली, पण तत्त्व तेच राहिले : तबकडी फिरणार आणि सुई सरकणार. घरगुती तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, तरी सुईला विखुरलेल्या जागी सेकंदाला शंभराच्या आसपासच खेपा घालता येतात. एकच पत्र तुकड्यातुकड्यांनी दहा जागी लिहिले गेले असेल तर दहा खेपा. नव्या एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने या खेपांचा वेळ जवळजवळ नाहीसा होतो.

तिसरी वाट उष्णतेची, आणि ती खास आपली आहे. २००० साली आलेल्या पेंटियम ४ मध्ये अशी सोय होती की, प्रोसेसर अति तापला तर त्याने आपण होऊन गती कमी करावी, म्हणजे तो जळणार नाही. आजच्या सर्व प्रोसेसरांत ती आहे. आता चंद्रपूरच्या वैशाखाचा विचार करा. सत्तेचाळीस अंशांपलीकडे पारा गेलेला आपण पाहिला आहे. १९८३ पासून औष्णिक वीजकेंद्र, भोवती कोळशाच्या खाणी; देसाईगंजकडे गेलो तर धानगिरण्यांचा भुसा. ही धूळ पंख्याच्या पात्यांवर बसते, वारा अडतो, प्रोसेसर तापतो आणि शहाणपणाने हळू चालू लागतो. परदेशी पुस्तकांत हे कारण तळटीपेत असेल. आपल्या गावी ते मुख्य मजकुरात येते.

चौथी वाट विषाणूंची. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपींतून जगभर पसरला, आणि फ्लॉपी मंदावणे हे त्याचे एक लक्षण होते. आपल्याकडे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकांकडे वळलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० नंतरच्या दशकात ‘क्विक हील’ उभे केले, ते अशाच दुखण्यांतून. विषाणू खरेच आहेत. परंतु जे कळत नाही त्याला भानामती म्हणावे, तशी आज प्रत्येक मंदपणाला विषाणूची सबब मिळते. मग घाबरून एकाच पेटीत दोन-तीन रक्षक बसवतात, आणि ते रक्षकच एकमेकांच्या वाटेत उभे राहतात!

माझ्याच घरची हकीकत सांगतो. एका दुकानदाराने आमचा संगणक पाहून, ‘आता नवीनच घ्या,’ असा निकाल दिला. मी शेजारच्या महाविद्यालयीन मुलीला बोलावले. तिने प्रथम आमची छायाचित्रे आणि कागदपत्रे वेगळ्या जागी उतरवून ठेवली. नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. स्मृती अर्धी रिकामी होती. तबकडी मात्र शंभर टक्के गुंतलेली. तिने मला विचारले, ‘काका, सकाळी आणि दुपारी सारखाच हळू चालतो का?’ मी आठवून म्हणालो, दुपारी जास्त. म्हणजे कारणे दोन होती. यंत्र सुरू होताच न बोलावता उठणारे कार्यक्रम तिने बंद केले. थोडा फरक पडला. वीज काढून पेटी उघडली, तेव्हा पंख्यावर काजळीसारखा थर निघाला; तो काढल्यावर दुपार आणि सकाळ सारखी झाली. शेवटी तबकडीच्या जागी एसएसडी बसवली आणि रोग गेला. एका वेळी एकच बदल करून ती थांबत होती, परिणाम पाहत होती. दहा गोष्टी एकदम बदलल्या तर गुण आला तरी कशाने आला ते कळत नाही. साक्षीपुरावा तपासण्याची याहून चांगली रीत मला ग्रंथांतही सापडलेली नाही.

हे चार-दोन हजार रुपयांपुरतेच नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. पण सिरोंचा आजही जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, परीक्षेचे प्रवेशपत्र ही सारी आता संगणकावरून. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी तो गोल फिरत राहिला, तर मुलाचे एक वर्ष जाते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला, आणि नियमांत न बसणारी पुष्कळ धडधाकट यंत्रे एका दिवसात ‘जुनी’ ठरली. त्यांपैकी कित्येकांवर, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभलेले लिनक्स विनामूल्य चालू शकते. पेटी भंगारात देण्यापूर्वी शाळेने आणि वाचनालयाने एवढा विचार करावा.

मामा तलाव आटले ते पाऊस कमी पडला म्हणूनच नव्हे. गाळ काढण्याची पाळी कोणाची, हे ठरेनासे झाले म्हणूनही. आपल्या घरातही ती पाळी कोणाची ते ठरवा. होळी झाली, उन्हाळा तोंडावर आला, की एकदा पेटी उघडून धूळ काढावी आणि नको ते कार्यक्रम काढून टाकावेत.